कुत्रीच्या कण्या

माझं माहेर वेळापूरकडचं, शेतकऱ्याचं. तिथं पंगत उठली की ताटातलं उरलंसुरलं एका पाटीत जमा व्हायचं आणि दारातली कुत्री त्यावर पोसायची. लग्न होऊन सोलापुरात आले, एकोणीसशे तिसाच्या आसपासचं साल असेल. पहिल्याच दुपारी सवयीनं पाटी धरून उभी राहिले, तर पाटीत टाकायला काही नाहीच. सासऱ्यांनी रिकाम्या ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. दिरांनी तेच केलं. नवऱ्यानंही. मी आ वासून बघत राहिले.

सासरचं घर गळ्यात लिंग बांधणाऱ्यांचं. ताटात पडला तो प्रसाद, त्यातला कणही टाकायचा नाही, असा नेम. नेमाला मी वाईट म्हणत नाही, अन्नाची नासाडी मलाही बघवत नाही. पण घरात उष्टंच नाही म्हटल्यावर दारच्या कुत्रीनं खायचं काय, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात येऊ नये? कुत्री परसात गोठ्याच्या कडेला व्यालेली होती. पिलं तिला लुचत होती आणि तिच्या अंगावर बरगड्यांशिवाय काही नव्हतं. बरं, घर कुणाचं, तर भुसार दुकानदाराचं. ज्वारीच्या पोत्यांवर पोती.

घरात आम्ही दोन सुना. थोरल्या जाऊबाई, त्यांना मी अक्का म्हणायची, अंगावर पिणारं पोर घेऊन दिवसभर राबायच्या. त्यांनाही दूध पुरत नव्हतं. पोर सारखं किरकिर करायचं आणि दृष्ट लागली म्हणून घरातले मीठ-मोहऱ्या ओवाळायचे. जेवायला आधी पुरुष, मग पोरं, मग आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि टोपल्यात राहील ते आम्ही दोघींनी. उरलं तर टाकता येत नाही, म्हणून भाकऱ्या बेतानंच व्हायच्या. आत्याबाई स्वतः पीठ काढून द्यायच्या आणि हात आडवा करून म्हणायच्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. मी नवी म्हणून अक्का आपल्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायच्या. "मला भूक न्हाय गं, तू खा," म्हणायच्या. मी खायची.

आठवडाभरानं माझं डोकं फिरलं. भाकरीचा चतकोर ताटात तसाच ठेवला आणि ताट घेऊन परसाकडं निघाले. आत्याबाईंच्या हातातला तांब्या हातातच राहिला. ओसरीवर आडवे झालेले सासरे उठून आले.

"ताट सोडलंस?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आता मला माहेरी धाडणार असंच मला वाटलं.

"मामंजी, ती मरंल. पिलंबी मरत्याल," मी म्हटलं.

ते परसात गेले, वाकून कुत्रीकडं बघितलं. रोज पूजेची फुलं तोडायला तिच्या शेजारून जायचे ते, पण बघितलं ते त्या दिवशी. चेहरा उतरला त्यांचा. "प्रसाद टाकायचा न्हाय," म्हणाले. "तिच्यापुरतं येगळं शिजव. कण्या दुकानातनं देतो."

झालं, परसात तीन दगडांची चूल मांडली. घरचा स्वैपाक लागायच्या आधी, सकाळीच ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, त्यात भोपळ्याच्या फोडी, आणि खाली उतरवल्यावर ताक. मीठ नाही, तिखट नाही, कांद्याची पातसुद्धा नाही. कांद्यानं कुत्रं खंगतं असं माझे वडील म्हणायचे. बोट घालून कोमट झालं बघायचं, मगच दगडी कुंडीत ओतायचं. बाळंतीण आहे म्हणून आत्याबाई वाटीभर दूधही द्यायला लागल्या. आळीतल्या बायका बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. "धाकटी कुत्रीचं बाळंतपण करतीया," म्हणायच्या. करते, तुमचं काय जातंय?

कुत्री अंगानं भरली. पिलं गुबगुबीत झाली. कुंडी रोज चाटूनपुसून लख्ख असायची. मी कण्या वाढवल्या, तरी लख्ख. अक्कांचं पोरही जरा शांत निजायला लागलं. दृष्ट उतरली म्हणाले सगळे.

एक दिवस पळी चुलीपाशी विसरली म्हणून मी परत परसात गेले. कुत्री पोट भरून सावलीला पसरली होती. कुंडीपाशी अक्का उकिडव्या बसल्या होत्या, पोर छातीशी धरलेलं, आणि तळातल्या कण्या बोटांनी गोळा करून खात होत्या. त्यांनी वर बघितलं, हात पदराला पुसला आणि घाईघाईनं म्हणाल्या, "तिचं झाल्यावरच घेते की गं. तिच्या तोंडचं न्हाय काढत मी."

ते बोलणं मला आजही पचलेलं नाही. मी तशीच स्वैपाकघरात गेले. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"तुमची थोरली सून कुत्रीच्या कुंडीतलं खातीया," मी म्हटलं. सासूशी असं बोलायचं बळ कुठून आलं देव जाणे. मला वाटलं, आता त्या ओरडतील, नाहीतर मलाच खोटं पाडतील. त्यांचे हात सुपात थांबले.

"आमच्या वक्ताला कुत्री नव्हती," म्हणाल्या. "म्हशीचं आंबोण होतं."

म्हशीपुढं ठेवायची ती भिजवलेली पेंड, भुसकट, चुणी. पोत्यांनी भरलेल्या त्या घरात या बाईनं ते खाल्लं होतं आणि वर रोज आम्हाला साकु म्हणत होती.

त्या उठल्या. परसात जाऊन अक्कांना दंडाला धरून आत आणलं, चुलीपुढं पाटावर बसवलं. पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. पुरुष अजून दुकानातच होते. त्यांच्याआधी एखादी सून जेवलेली त्या घरानं कधी बघितली नव्हती.

अक्कांनी घास मोडला, पण तो हातातच राहिला. दाराकडं बघत त्या म्हणाल्या, "मामंजी यायचे हायती की."

"येऊ देत," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.