पुढच्या सीटवरची सुरमई

बायांनो, आजचं ऐका.

सकाळी मी नि जाऊबाई रत्नागिरीहून मासळी घेऊन निघालो. घाटाच्या चढावर पेडल दाबलं तर गाडीत जोरच नाही, मागे सरकायला लागली. मागे ट्रक. परत दाबलं तर अशी उधळली की समोर दरीच दिसली.

मागून जाऊबाई ओरडल्या, "थांबव गो, पोरं लहान आहेत माझी!"

कशीबशी थांबवली.

गाडीच्या मेस्त्रीला बोलावलं. त्याने पुढची सीट उचलली. आमच्या गाडीचं इंजिन तिथेच खाली. पेडल किती दाबलं ते इंजिनाला कळवणारा सेन्सर गंजून हिरवा झालेला.

"वैनी, सीटवर माशांची पाटी ठेवता?"

ठेवतेच. चांगली सुरमई मागे चेंगरते. तिच्याच बर्फाचं खारं पाणी खाली ठिबकत होतं.

सेन्सर बदलला. पाटी मागे गेली. पण उद्या पहाटे तोच घाट आहे, आणि पाय पेडलला लावायला धजत नाही.

तुमचं असं झालंय? मग परत गाडी कशी चालवलीत? खरं सांगा, नुसता धीर देऊ नका.