ब्रेक दाबल्यावर लागणारे दिवे

अंधाराशी वैयक्तिक वैर धरून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवयोगाने तो माझा साडू निघाला. साडू हे नातं आपण निवडत नाही. एकाच सासऱ्याने दोन वेगवेगळ्या वेळी केलेला तो प्रयोग असतो. त्यातला आधीचा प्रयोग शिंदखेड्याला राहतो आणि फसलेला मी जळगावात एका डाळ मिलच्या ऑफिसात बसतो. इतर माणसं दिवस मावळला की दिवा लावतात, जेवतात आणि झोपतात. साडूभाऊंना मात्र दिवस मावळला की कुणी तरी आपल्याला न विचारता निघून गेल्यासारखा राग येतो. त्यांच्या उशीखाली टॉर्च, देव्हाऱ्यात समईशेजारी टॉर्च, आणि गोठ्यात म्हशीच्या बरोबर डोक्यावर इतका मोठा बल्ब, की ती बिचारी वर्षभर परीक्षेला बसल्यासारखी जागी असते.

पण हे सगळं किरकोळ. त्यांची खरी भक्ती मोटरसायकलवर. ती मूळ कुठल्या कंपनीची होती हे आता ओळखू येत नाही, कारण नाव लिहिलेल्या जागी दिवे आहेत. लेगगार्डवर दिवे, आरशांखाली दिवे, मडगार्डवर एक गोल पिवळा दिवा, आणि हँडलच्या मधोमध जेसीबीला शोभेल अशी एलईडीची पट्टी. हे सगळं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. मेकॅनिकवर त्यांचा विश्वास नाही. ‘तो वायर तोडतो, मी समजावतो,’ असं ते म्हणतात. त्यातले दोन दिवे त्यांनी चक्क बाजूला वळवले होते, एक डावीकडच्या बांधावर आणि एक उजवीकडच्या. मी कारण विचारलं तर म्हणाले, “जळगावकर, रस्ता समोर असतो, पण रस्त्यावर येणारा बाजूनं येतो.” हे वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मी ते स्वतःचं म्हणून खपवलं.

या दिव्यांनी साडूभाऊंना बरीच प्रतिष्ठा मिळवून दिली. समोरचे ट्रकवाले त्यांना ट्रक समजून बाजू देत आणि जवळ आल्यावर शिव्या देत. एकदा लग्नसराईत ते एका खेड्यातून संध्याकाळचे येत होते. तिथे वेशीवर सगळं गाव नवरदेवाची वाट पाहत उभं होतं. लांबून एवढा झगमगाट येताना दिसल्यावर वाजंत्रीवाल्यांनी तोंडातली तंबाखू थुंकून एकदम सुरुवात केली. साडूभाऊ उतरले, मानाचा नारळ घेतला, सरबत प्यायले आणि मग शांतपणे म्हणाले, “नवरदेव मागून येतोय. त्याच्या गाडीला एकच दिवा आहे, म्हणून उशीर होतोय.” दुसऱ्या एका हिवाळ्यात त्यांच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगी काडीकचऱ्यावर भाजायची, तर म्हणाले, उजेड माझा. मोटरसायकल ताटांकडे तोंड करून उभी केली, सगळे दिवे लावले, आणि आम्ही चोरांची पंगत पकडल्यासारखे डोळे मिटून जेवलो. नंतर गाडीची बॅटरी बसली. मग भरल्या पोटाच्या सगळ्या जावयांनी आणि मेव्हण्यांनी ती गाडी शिंदखेड्यापर्यंत ढकलत आणली. साडूभाऊ सीटवर बसून हँडल सांभाळत होते आणि अधूनमधून “खड्डा!” असं ओरडत होते.

आम्ही या साऱ्याला वेड समजून हसत होतो. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हसेनाशी झाली तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. एक दिवस तिचा फोन आला. धुळ्याला डोळे दाखवले होते. काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने विझत आली होती. समोरचं दिसत होतं, बाजूचं हळूहळू जात होतं. गेलेली नजर येणार नाही, थेंब टाकत राहिले तर आहे ती टिकेल, पण दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साडूभाऊंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि धुळ्याहून परतताना दोन गोष्टी आणल्या: डोळ्यात टाकायचे थेंब आणि दिव्यांची एक नवीन जोडी.

“भाऊजी, आखाजीला याल तेव्हा किल्ली काढून घ्या त्यांच्याकडून,” अक्का म्हणाली. “माझं ऐकत नाहीत. पोरं पुण्याहून फोनवर ओरडतात, त्यांचंही नाही. तुमचं ऐकतील.”

“माझं का ऐकतील?”

“तुमचा त्यांना धाक नाही ना, म्हणून.”

अडचण अशी होती की साडूभाऊंची लिंबांची बाग गावापासून लांब, आणि आमच्याकडे शेतातली वीज ही जावयासारखी. येईल तेव्हा यायची आणि बहुधा दिवेलागणीलाच. ती आली की हा माणूस पाण्याची मोटार चालू करायला निघायचा. मोटार आपोआप सुरू करणारं यंत्र बसवा, असं मी मागे सुचवलं होतं. ते म्हणाले होते, “मोटार आपोआप चालू होईल हो. बागेला कोण भेटंल?”

सासू-सासरे गेल्यापासून माझ्या बायकोचं माहेर अक्काच्या घरी हललं आहे, त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही शिंदखेड्याला. दारच्या निंबाला झोका बांधलेला, बायका झोक्यावर, आत खापरावर मांडे चाललेले, आणि अंगणात साडूभाऊ पाटावर बसून नव्या जोडीच्या वायरी सोलत होते. मी वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. वय, जबाबदारी, डॉक्टरांचा सल्ला. अर्ध्यात त्यांनी पकड खाली ठेवली. राग आला की साडूभाऊ अहिराणीत शिरतात.

“मना डोयासले काय व्हयनं? बठ्ठं दिखस माले!” म्हणजे, सगळं दिसतं मला. आणि लगेच मऊ होऊन, “रस्ता काळा करून ठेवलाय हो डांबरानं. ही जोडी बसू द्या, मग बघा. जरा वायर धरता का?”

मी वायर धरली. दूत म्हणून गेलेला माणूस इतक्या लवकर शत्रूच्या फौजेत भरती झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल. आता, मी घरी ट्यूब बदलायला स्टुलावर चढलो तरी माझी बायको आधी मेन स्विच बंद करते आणि मग शेजाऱ्यांना हाक मारते. हे साडूभाऊंना कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बाजूला इतके जॉइंट झाले होते की तिथे करंगळी शिरत नव्हती, म्हणून जुन्या-नव्या सगळ्याच दिव्यांची लाईन मागून घ्यायची ठरली. सीट काढलं. खाली वायरींचा गुंता, आणि खानदेशच्या उन्हाने सगळ्यांचा रंग एकच करून टाकलेला. “किल्ली चालू आहे. टेस्टरचा बल्ब लावत जा, जी वायर तो पेटवंल ती आपली,” असं सांगून ते पुढे जाऊन बसले.

अंगणाला रस्त्याकडे उतार आहे. स्टँड काढलेली गाडी घरंगळू नये म्हणून मी मागच्या ब्रेकवर पाय घट्ट रोवून उभा होतो. एका वायरीला बल्ब लावला आणि तो पेटला. “हीच!” मी ओरडलो. जॉइंट मारला, टेप गुंडाळली, आणि नव्या जोडीसकट सगळे दिवे असे भकाकले की झोक्यावरच्या बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. “वा, जळगावकर!” साडूभाऊ म्हणाले. “तुम्ही डाळीत उगाच वाया गेलात.” मग मी किल्ली बंद केली आणि ब्रेकवरचा पाय काढला. नेमक्या याच क्रमाने, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

चहा होतो न होतो तोच शेताकडून फोन आला, वीज आली. दिवस बुडाला होता, आभाळात अजून थोडी लाली होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे म्हणालो, “मी आहे ना मागे.”

गाडी निघाली आणि एकही दिवा लागेना. साडूभाऊंनी बटणं दाबली, एलईडीच्या पट्टीवर चापटी मारली. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि एकदम लख्ख! ब्रेक सोडला, पुन्हा अंधार. पुन्हा ब्रेक, पुन्हा लख्ख. मागे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अंगणात ब्रेक लाईटची वायर शोधून काढली होती. जगात अशी एकच मोटरसायकल झाली होती, जी थांबायला लागल्याशिवाय रस्ता दाखवत नव्हती.

“ही काय भानगड?”

“नवीन आहे, रुळेल,” मी म्हणालो.

“वायर आहे का सूनबाई?” ते म्हणाले, आणि पुढे निघाले.

नाल्याच्या अलीकडे गतिरोधक आहे. तिथे त्यांनी ब्रेक दाबला. सगळा बांध उजळला आणि डाव्या कडेला एक म्हैस उभी दिसली. अशी स्वच्छ, की तिच्या कानातली पट्टीसुद्धा मला दिसली. ती रस्त्यावर पाय टाकत होती. साडूभाऊंनी ब्रेक सोडला आणि गाडी सरळ तिच्यासमोर घातली.

“साडूभाऊ, म्हैस!”

“कुठंय?”

गाडी थांबली तेव्हा म्हशीचं शिंग त्यांच्या कोपराशी होतं. तिचा गरम श्वास त्यांच्या बाहीला लागला, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. म्हैस निवांतपणे पलीकडे गेली. साडूभाऊंचा पाय ब्रेकवर तसाच होता, त्यामुळे दिवे लागलेले होते.

“इतला उजेड व्हता?” त्यांनी विचारलं.

“होता.”

“बाजूलाही?”

“बाजूलाही.”

ते खाली उतरले. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात ठेवली. मी पुढे सरकलो, ते मागे बसले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणाच्या मागे बसताना मी पाहिलं नव्हतं. पाय कुठे ठेवायचे हे त्यांना सापडेना.

परत आल्यावर दारात अक्का उभी होती. पुढे कोण आणि मागे कोण हे तिने पाहिलं आणि ती तडक आत गेली. रात्री माझ्या ताटात मागितला नसताना आणखी एक मांडा पडला आणि वाटी रसाने काठोकाठ भरली. “समजावलं बाई भाऊजींनी त्यांना!” असं ती माझ्या बायकोला सांगत होती. मी रस ओरपत राहिलो. खरं श्रेय घ्यायचं तर म्हशीबरोबर वाटून घ्यावं लागलं असतं.

आता रोज संध्याकाळी शेतावरचा सालदार गडी गाडी चालवतो आणि साडूभाऊ मागे. मी गेलो की तो मान माझा. ते वायरिंग मी दुरुस्त करून देतो म्हणालो, तर त्यांनी ठाम नकार दिला. आधी मला वाटलं, माझ्या हातांची भीती असेल. मग एकदा बागेच्या बांधावरून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

“जळगावकर, ब्रेक.”

समोर काही नव्हतं. तरी मी दाबला. दिवे लागले, लिंबांची झाडं खाली लोंबणाऱ्या पिवळ्या फळांसकट उभी राहिली. साडूभाऊंनी मान आधी पूर्ण डावीकडे वळवली, मग सावकाश उजवीकडे, शेवटच्या झाडापर्यंत.

“हं. चला आता.”

मी पाय काढत नाही. म्हणतो, थांबा, इंजिन जरा गरम झालंय.