तळहातावरचं मीठ

"हात पुढे कर."

सरांनी चमचा मिठाच्या बरणीत घातला, गच्च भरला आणि माझ्या तळहातावर उलटा केला. समोर चार पाहुणे जेवायला बसलेले. ताटात भाकर, ठेचा, वांग्याची भाजी. भाजीत मीठ नव्हतं. त्या दिवशी रविवार, तरी मी कामावर होते. कामाच्या गावात एक बाई सकाळपासून बाळंतपणात अडली होती. तिला गाडीत घालून तालुक्याला पोचवलं, मिळेल त्या बसनं घरी आले आणि तोंडावर पाणी न मारता गॅसपुढे उभी राहिले. मीठ राहून गेलं. माणसाच्या हातून राहतं.

"आमच्या हिच्या माहेरी मीठ कोणाच्या हातावर देत नाहीत," सर पाहुण्यांना म्हणाले. "हातावर दिलं की भांडण होतं म्हणे. चला, आज अंधश्रद्धा निर्मूलन घरापासून सुरू करू. खा गं."

मी खाल्लं. सगळं. पाहुणे खो खो हसले. एकानं तर सरांपुढे टाळीसाठी हात केला.

आणि मी? मीही हसले. तोंडात मीठ, डोळ्यांत पाणी आणि मी हसत होते. त्या मिठापेक्षा ते हसणं मला आजही जास्त झोंबतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, चूळ भरली आणि गरम भाकरी वाढायला परत आले.

दारात माझी मुलगी उभी होती. सात वर्षांची. तिनं सगळं पाहिलं होतं.

सर म्हणजे माझा नवरा. अमरावतीत राजापेठेत आमचं घर. सर हायस्कूलमध्ये शिक्षक, संध्याकाळी शिकवणी वर्ग, आणि जयंतीच्या स्टेजवर तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांचा ठरलेला विषय स्त्रीमुक्ती. त्या दिवशीचे पाहुणे त्यांचं तेच भाषण ऐकून जेवायला आले होते. सगळं गाव त्यांना सर म्हणतं म्हणून लग्नानंतर मीही सरच म्हणू लागले. घरातही त्यांची भाषा स्टेजवरचीच असे. आवाज कधी चढत नसे.

मी आरोग्यसेविका. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावाचं उपकेंद्र माझ्याकडे. लसी, बाळंतपणं, वजनकाटा, रजिस्टर. गावात मला सगळे सिस्टर म्हणतात.

आम्ही बौद्ध. माझे बाबा धामणगाव रेल्वेला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. मी सहा वर्षांची असेन, तेव्हा त्यांच्यासोबत एका व्यापाऱ्याच्या दुकानात गेले होते. त्याचा मालही बाबाच उचलायचे. चहा आला. बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. बाबांना खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. बाबांनी कप हातात घेतला, एकदा पाहिला आणि रस्त्यावर भिरकावून दिला. "चाल बेटा," एवढंच म्हणाले. घरी आल्यावर आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलं." त्या सालात त्या दुकानाचं काम गेलं, पण कोणी हळहळलं नाही.

तेव्हापासून अपमान मला लांबून कळतो. पाणी किती उंचावरून ओततात, कप कुठून काढतात, आडनाव ऐकल्यावर बोलणारा क्षणभर कसा थांबतो, सगळं कळतं. हे मला शिकवलेलं होतं. पण ते सगळं बाहेरचं. तोच अपमान आपल्या घरात, आपल्या माणसाकडून, समतेच्या घोषणा देणाऱ्या तोंडातून येऊ शकतो, हे मला कोणीच शिकवलं नव्हतं. म्हणून मला तो दिसला नाही. दिसला तरी त्याला नाव नव्हतं.

सरांनी मला कधी मारलं नाही. अकरा वर्षांत एक थापड नाही. हे मी मैत्रिणींना अभिमानानं सांगत असे. आमचे सर हात उगारत नाहीत!

हात कशाला उगारतील? त्यांच्याकडे अबोला होता. आईला बरं नव्हतं म्हणून मी माहेरी एक मुक्काम केला, तर सतरा दिवस बोलले नाहीत. निरोप मुलीच्या तोंडून. मी शेजारी उभी असताना लेकरानं सांगायचं, "पप्पा म्हणतात चहा पांचट झाला." माझा फोन रोज पाहणार. माझ्या पगाराचं कार्ड त्यांच्या पाकिटात, बसच्या तिकिटासाठी मी हात पसरायचा. आणि अंगाचं काय सांगू. नाही म्हटलं की दुसऱ्या सकाळपासून अबोला. म्हणून मी नाही म्हणणंच सोडून दिलं. आणि दिवसा हीच मी गावातल्या बायांना सांगत फिरायची, बाई, तुझ्या अंगावर तुझा हक्क आहे. लाज वाटते आता. तेव्हा तीही वाटत नव्हती.

मिठाचा पुढे खेळच झाला. भाजी करपली, बरणी आण. पोहे उशिरा आले, बरणी आण. पाहुणे नवे असले की अंधश्रद्धेचा विनोदही नव्यानं. दोन वर्षं हे चाललं. मी मुकाट तळहात पुढे करायची.

गावात मला महिन्यातून एकदा बायांची सभा घ्यावी लागते. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी टाकून. माझ्याजवळ एक उभा तक्ता असतो, कॅलेंडरसारखी त्याची पानं उलटायची. चित्र बायांच्या बाजूला, वाचायचा मजकूर माझ्या बाजूला. एका पानावर दारू पिऊन काठी उगारणारा नवरा आहे. ते पान मी अगदी तावातावानं वाचायची. त्याच्या पुढचं पान मात्र मी कधीच वाचलं नाही. दोन पानं मिळून उलटायची. वेळ नसतो, असं मी स्वतःला सांगायची.

कुसुमबाई म्हणून एक आहे. रोजमजुरीला जाते, सभेला मात्र चुकत नाही. एका सभेत तिनं मला मधेच थांबवलं.

"सिस्टर, तुमी दरखेपी दोन पानं संगंच उलटता. मधातलं चित्र आमाले कावून नाई दाखवत?"

"चिकटली असतील," मी म्हटलं.

"चिकटले नाईत. इकून दिसते न आमाले."

ती उठलीच. माझ्या हातातून पान सोडवून तिनं ते सरळ केलं. मीही पलीकडे वाकून पाहिलं. चित्रात एक बाई हातात ताट घेऊन मान खाली घालून उभी. भोवती खुर्च्यांवर माणसं बसलेली, तिच्याकडे बोट दाखवून हसणारी.

"याच्यात तं कोनी मारून नाई राह्यलं," मागून एक जण म्हणाली. "मंग हे कायचं व्हय?"

"वाचा न सिस्टर," कुसुमबाई म्हणाली.

मी वाचू लागले. चारचौघांत हसं करणे. बोलणं बंद ठेवून शिक्षा करणे. माहेरी जाऊ न देणे. कमाई काढून घेणे. इच्छा नसताना जवळ येणे. हीसुद्धा हिंसा आहे. 'हीसुद्धा' या शब्दावर माझा आवाज बसला. पुढची ओळ डोळ्यांपुढे होती, पण तोंडातून निघेना. माझ्या घरातल्या गोष्टी कोणी तरी छापून, हजार प्रती काढून, माझ्याच हातात दिल्या होत्या आणि मी त्या वर्षानुवर्षं लपवत होते. संताप आला. सरांचा नंतर, आधी माझाच.

कुसुमबाईनं माठातलं पाणी आणून दिलं. तक्ता स्वतःकडे वळवून घेतला. "बसा तुमी. आज आमी वाचतो. आठवी शिकेल हाओ मी."

तरीसुद्धा मी घरी जाऊन स्वयंपाकच केला. वाचलं आणि लगेच वाघीण झाले, असं काही होत नाही. मला उठवलं ते माझ्या मुलीनं.

त्याच आठवड्यात तिच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. ती गेली, ओट्यावरची मिठाची बरणी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली आणि तळहात पुढे केला.

"दे आई. पन पूर्ण चमचा नको."

नऊ वर्षांचं लेकरू. डोळे घट्ट मिटलेले आणि ओठांवर हसू. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं. मी तिला शिकवलं होतं, एक शब्द न बोलता, दोन वर्षं रोज. मी तिला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. ती बिचारी घाबरून म्हणत राहिली, "आई, मी खाते न. रडू नको." दूध तसंच फरशीवर वाहत होतं.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. तेच, पहिल्या दिवसाचे दोघे आणि आणखी दोन. भाजीत मीठ बरोबर होतं, मी तीनदा चाखून पाहिलं होतं. पण खेळाला कारण लागत नाही. भाकरी जाड झाली म्हणून सर म्हणाले, "बरणी आण."

मी आणली. टेबलावर मधोमध ठेवली.

"हात पुढे कर."

"नाही."

"अगं, गंमत आहे."

"गंमत असन तं तुमी खा. मले पाह्यचं हाय, हसू येते का."

कोणी हसलं नाही. एक जण ताटातली भाजी चिवडत बसला. टाळी देणारा खिशातला फोन शोधू लागला. सर पांढरे पडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर तू माझा अपमान करतेस?"

अकरा वर्षांत त्या घरात अपमान हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तोही त्यांच्या स्वतःसाठी. म्हणजे शब्द त्यांना माहीत होता!

मग अबोला. या वेळी मी दिवस मोजले नाहीत. अमरावतीत सरांना ओळखत नाही असा माणूस नाही, म्हणून मी रजा टाकून अकोल्याला गेले. तिथं एका समुपदेशन केंद्रात एक बाई बसतात. खुर्चीवर टेकताच मी सांगून टाकलं, "ते मारत नाहीत हं."

"मी मारण्याचं विचारलंच नाही अजून," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी त्यांची गाडी खाली थांबली की तुम्हाला काय होतं?"

"पोटात गोळा येतो."

एवढं बोलले आणि मग दोन तास थांबलेच नाही. त्यांनी एकेका गोष्टीला तिचं नाव लावून दिलं. मी कागदावर लिहून घेतली, सगळी, आणि खाली सही केली. बँकेत जाऊन नवं कार्डही काढलं.

आता मी आणि मुलगी उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. छत गळतं, खिडकीला एक फळी नाही. घरगुती हिंसेचा अर्ज कोर्टात आहे. पंधरा दिवसांनी मी अकोल्याला जाते. फार बरं वाटतं असं मुळीच नाही. बाहेर मोटारसायकल थांबली की अजून पोटात गोळा येतो. भाजीत मीठ टाकताना हात थबकतो. कधी दोनदा पडतं. मुलगी म्हणते, "आई, खारट झाली." मग मी पाणी घालते आणि आम्ही दोघी जेवतो. तिचा तळहात मी अजून कधी कधी उघडून पाहते.

बाबा आले होते. बाजेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "बेटा, एवढंसंक तं मीठ व्हतं. त्यानं का तुले जिवानं मारलं? मोठा मानूस हाय तो, समाजात नाव हाय. वापस जाय."

मी म्हटलं, "बाबा, तो कप पन एवढासाच व्हता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हातातल्या कपाकडे. कप खाली ठेवला. संध्याकाळच्या बसनं धामणगावला निघून गेले. मला त्यांचा होकार हवा होता. मिळाला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

समाजातली चार मोठी माणसंही येऊन गेली. त्यातला एक तोच, टाळीवाला. म्हणे, आपसात मिटवून टाका, भांडण वाढवू नका, चळवळीची बदनामी होते. मी त्यांना पाणी दिलं आणि दार दाखवलं. बदनामी मी केली नाही. मी तर फक्त तळहात मागे घेतला.

माझी आई अडाणी. मीठ ती कधी कोणाच्या हातावर देत नसे, वाटीत घालून खाली ठेवायची. भांडण होतं म्हणायची. तिचं खरं ठरलं. भांडण पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं, चार पाहुण्यांच्या देखत. ते माझ्यामुळे लांबलं. आता सुरू झालंय, तर मी ते मिटवणार नाही. कोर्टाची प्रत्येक तारीख गाठीन. सभेत ते मधलं पान मी सगळ्यात आधी उघडते.

येत्या जयंतीला सरांचं भाषण ठेवलं आहे. विषय तोच. मी जाणार आहे, मुलीला घेऊन. पहिल्या रांगेत बसणार आहे, त्यांच्या बरोब्बर समोर, मांडीवर मिठाची बरणी घेऊन.