सोंडेवरची नदी

माझी धाकटी बहीण भूगोल शिकवते आणि मी त्याच शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. त्यामुळे शाळेत शहाणपण किती आणि कागद किती, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं.

बहीण तीन वर्षं हंगामी होती. समोच्चरेषा, म्हणजे नकाशातल्या सारख्या उंचीच्या रेषा, शिकवायला ती घरातला कपडे भिजवायचा टब घेऊन जायची. त्यात चिकणमातीचा डोंगर करायचा, बोटभर पाणी ओतायचं, पाणी टेकलं तिथे काडीने रेघ ओढायची. पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. मग पाणी काढून मुलींना वरून बघायला लावायचं. नकाशातल्या रेषा आयत्याच मातीवर दिसायच्या. शेवटी माथ्यावर तांब्याने धार धरायची. पाणी घळीतून धावायचं; डोंगराची जी सोंड खाली उतरते तिच्या पाठीवरून कधीच नाही. आई टबासाठी रोज ओरडायची. बाकीचे शिक्षक व्याख्या लिहून द्यायचे, पोरी घोकायच्या, निकाल शंभर टक्के.

तिला कायम करायचं की नाही हे ठरवायला विद्यापीठातले तज्ज्ञ आले. भूगोल अध्यापन सुधारणा समितीचे अध्यक्ष! सुधारणा कसली, डोंबल? यांनी स्वतःचं पुस्तक सात वेळा छापलं आणि दर वेळी मुखपृष्ठ सुधारलं. कोपऱ्यावरून दिसणारी आमची शाळा शोधायला या भूगोलतज्ज्ञांनी मला तीनदा फोन केला.

टिपणं घ्यायला मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. साहेबांनी आपल्या पुस्तकातला नकाशा फळ्यावर काढला, निळ्या खडूने त्यातली नदी ओढली आणि विचारलं, "ही नदी कुठल्या दिशेला वाहते?"

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "सर, इथे नदी नसणार. ही सोंड आहे. पाणी दोन्ही बाजूंना उतरून जाईल."

मी मान उंचावून पाहिलं. घरी तिच्या सरावासाठी टब भरून भरून मलाही एवढं कळत होतं. पोरीचं बरोबर होतं. सात आवृत्त्या नदी डोंगराच्या पाठीवरून चालली होती आणि कुणाच्या बापाला पत्ता नव्हता.

साहेब हसले. "पुस्तक मी लिहिलंय, बाळ." मग बहिणीकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. नदी आहे की नाही?"

दाराशी उभ्या मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे बघून डोळे वटारले. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, "साहेब म्हणतील त्याला हो म्हण. अक्कल नंतर पाजळ." मी मान डोलावली.

"आहे, सर," ती म्हणाली. "दक्षिणेकडे वाहते."

"शाब्बास!"

चष्मेवाली खाली बसली. मुकाट्याने तिने वहीत सोंडेवर नदी काढली. शेजारणीने तिचं बघून काढली, मग सगळ्या वर्गाने.

महिन्याभरात बहीण कायम झाली. 'विषयज्ञान उत्तम' हा शेरा मीच टाइप केला, आणि करताना मला त्या समितीपेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी आली. नेमणुकीचं पत्र तिच्या हातात दिलं तर तिने उघडलंसुद्धा नाही.

"ताई, ती चष्मेवाली आज भेटली होती. विचारत होती, 'बाई, परीक्षेत खरं लिहू की उत्तर लिहू?'"

"मग? काय सांगितलंस?"

"उत्तर."