केटेलबर्गचा चढ आणि फिर्मिनचे हात

आमच्या स्टेनहोवे गावात केस कापायला गेलं की आधी सायकल दिसते, मग कात्री. नोएलाच्या दुकानात आरशासमोर दोन खुर्च्या आहेत, कोपऱ्यात केस वाळवायचं यंत्र आहे आणि त्याच्या शेजारच्या खुंट्यांवर तिची पोलादी सायकल टांगलेली असते. रंग उथळ समुद्राच्या पाण्याचा. गिऱ्हाइकांचे कोट बाकावर पडतात, कारण खुंट्या सायकलीने अडवलेल्या. अजून कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

माझी आणि तिची ओळख गावातली नाही, गेंट शहरातली. मी तिथल्या नाटकमंडळीत होतो. उंची आणि आवाज यांच्या जोरावर कायम राजाच्या भूमिका मिळायच्या, आणि राजांना केसांचे टोप लागतात. ते टोप नोएला बसवायची. बोटं इतकी हलकी की डोक्यावर काही ठेवलंय हे कळू नये. पण वसंत ऋतूतल्या रविवारी तिचा भरवसा नसे. सायकलींच्या मोठ्या शर्यती तेव्हाच असतात, आणि टोपांच्या खोलीत एक रेडिओ होता. एका रविवारी मी शेवटच्या अंकात मरणार होतो. विंगेत उभा होतो आणि ती माझा टोप सारखा करता करता कानात म्हणाली, "महाराज, शेवटचा चढ सुरू झालाय. आमचा माणूस पुढे आहे." मी रंगमंचावर गेलो. वरच्या गॅलरीत पाहिलं तर निम्मे पुरुष मान वाकडी करून, कानाशी काहीतरी धरून बसलेले. त्या दिवशी मी फार लवकर मेलो. स्वगताची पानंच्या पानं गाळली. पडदा पडला, आणि साऱ्या कारकिर्दीत मला तेवढ्या जोरात टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

ती स्वतः मोठी सायकलपटू कधीच नव्हती. तरुणपणी गावोगावच्या जत्रेतल्या बायकांच्या शर्यतींत उतरायची आणि शेवटून मोजलं तर लवकर सापडायची. पुढे दुकान आलं, लग्न झालं, नवरा गेला, आणि या सगळ्यात रविवार सकाळची फेरी मात्र चालू राहिली. सायकल क्लबातल्या बायाबापड्यांबरोबर नदीकाठाने जायचं, वाऱ्याला शिव्या द्यायच्या, कुठेतरी कॉफी प्यायची, गोड टार्ट खायचा आणि परत. व्यावसायिक सायकलस्वारांबद्दल ती घरच्या माणसांसारखं बोलते. कुणाची पाठ दुखते, कुणी संघ बदलला तो पैशासाठी की बायकोच्या माहेराजवळ राहायला मिळावं म्हणून, सगळं तिला ठाऊक. शर्यतीत पाय तुळतुळीत ठेवायची रीत, म्हणून गावातली शर्यतीची पोरं तिच्याकडेच पायांवरचे केस काढून घ्यायला येतात. एकदा पाद्रीबाबा दाढीसाठी आले आणि शेजारच्या खुर्चीत एक आडदांड पोरगा मांडीला साबण लावून बसलेला. बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं आणि त्याच्याआडून विचारलं, की यंदा याचं काही जमेल का.

आता केटेलबर्ग. गावाच्या खालच्या टोकापासून चर्चच्या चौकापर्यंत चढणारा दगडी रस्ता. दगड ओबडधोबड, मधे फटी, पाऊस पडून गेला की साबणासारखे. एप्रिलमध्ये मोठी शर्यत इथून जाते. दुपारी स्वार येतात, घोळका डोळ्यांसमोरून सटकन निघून जातो, आणि सगळा गाव धावत मारियेटच्या कॅफेत शिरतो, टीव्हीवर शेवट बघायला. तिथे आमची एक रीत आहे. टीव्हीसमोरच्या खुर्च्या फक्त त्यांच्यासाठी, जे त्या दिवशी सकाळी केटेलबर्ग सायकलने चढून आले. पाय टेकायचा नाही आणि पाठीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं, मग तो महापौर असला तरी. नजर ठेवायला कुणी नेमलेलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सकाळपासून गाव उभाच असतो, तळलेले बटाटे खात.

नोएलाची खुर्ची पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी. तरुणपणापासून ती कधी रिकामी राहिली नव्हती. मग तिचा खुबा गेला. शस्त्रक्रिया झाली, नवा सांधा बसवला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, चांगलीच आहे, फक्त पडू नका. त्या वर्षीची शर्यत तिने इस्पितळाच्या पलंगावरून पाहिली. पुढच्या वर्षी ती परत केटेलबर्गच्या पायथ्याशी उभी राहिली, आणि तेव्हा फिर्मिनने घोटाळा केला.

फिर्मिन तिच्या शेजारच्या घरातला, शाळेपासूनचा सोबती, निवृत्त गवंडी. त्याचे हात फावड्यासारखे आहेत आणि स्वभाव लोण्याचा. चढाच्या सगळ्यात अवघड वळणावर तो उभा होता. नोएला धापा टाकत आली, सायकल डगमगली, आणि फिर्मिनचे हात आपोआप पुढे झाले. आमच्याकडे असंच असतं. चढावर कुणी मागे पडला की माणसं ढकलतात, लहानपणापासूनची सवय. त्याने तिला पाठीमागून असं ढकललं की ती चौकातच पोचली. लोक टाळ्या वाजवत होते. फिर्मिन लाल होऊन हसत होता. नोएला उतरली आणि म्हणाली, "माझं वर्ष खाल्लंस तू."

दुपारी मारियेटने तिची खुर्ची पुसून ठेवली होती. सगळे म्हणाले, अगं बस, तो एक हात काय मोजायचा. ती बसली नाही. शर्यतीचा सगळा शेवट ती भिंतीला टेकून, नव्या खुब्यावर उभी राहून पाहत राहिली. फिर्मिन दाराशी उभा, बियर हातात तशीच कोमट झालेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आणि फिर्मिनला दुसऱ्या कुणाकडे केस कापून घेणं जमेना. उन्हाळ्यात त्याचे केस कानांवर आले, शरदात कॉलरवर, नाताळपर्यंत तो जुन्या वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवाल्यासारखा दिसू लागला. गाव त्याच्या डोक्याकडे बघून भांडण कुठवर आलंय ते ओळखायचा. मी एकदा त्याला म्हटलं, जाऊन माफी माग की. तो म्हणाला, "मागितली, महाराज. दारातून. ती म्हणाली, तू चुकलास हे तुला कळलेलंच नाही, तर माफी कसली मागतोस." मग म्हणाला, "आणि खरं सांगू, नाहीच कळलं. पडली असती तर?"

तो हिवाळा नोएलाने दुकानात घालवला. सायकल जागच्या जागी चाकं फिरतील अशा चौकटीवर चढवून दुपारच्या सुट्टीत ती घाम गाळायची, समोर जुन्या शर्यतींच्या चित्रफिती लावून. मागच्या चाकाला तिने ताटाएवढं दातेरी चक्र बसवून घेतलं, म्हणजे चढ हलका पडावा. क्लबातल्यांनी विचारलं, यावर जेवायचं की काय. ती म्हणाली, तुम्ही वर पोचा, वाढते. शर्यतीच्या आठवड्यात सगळा गाव केस कापायला येतो. प्रत्येकाच्या कानाशी कात्री धरून तिने एकच गोष्ट सांगितली, "रविवारी माझ्या पाठीला हात लागला, तर पुढच्या खेपेला कान मागू नकोस." फक्त फिर्मिनला सांगायचं राहिलं. तो आलाच नव्हता.

रविवार उजाडला तो कोरडा, पण पहाटे पाऊस होऊन गेलेला. सावलीतले दगड अजून ओले होते. मी वळणाच्या कठड्यापाशी जागा धरली होती. फिर्मिन आधीच आलेला, बियरच्या रिकाम्या पेटीवर बसलेला, केस मानेवर बांधून. मी विचारलं, इथेच का बसलास, वर चौकात जा. तो म्हणाला, इथेच पडेल पडली तर.

ती खालून येताना आधी आवाजच ऐकू आला. लोक खालून वर एकामागून एक तिचं नाव घेत होते. मग ती दिसली. रस्त्याच्या मधोमध, जिथे दगड जरा उंच असतात तिथूनच. कडेला मातीची गुळगुळीत पट्टी होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. सीटवरून उठली नाही, कारण उठलं की मागचं चाक घसरतं. वेग इतका कमी की शेजारून एक म्हातारा कुत्रं घेऊन चालत पुढे गेला. ओळखीची माणसं हात पाठीमागे बांधून उभी होती, कोर्टात उभी असल्यासारखी. बाहेरगावचा एक तरुण मदतीला पुढे सरसावला, तर पाववालीने त्याच्या हातात पावांची पिशवी कोंबली आणि म्हणाली, धर जरा.

वळणावर आली आणि मागचं चाक ओल्या दगडावरून सटकलं. सायकल आडवी होऊ लागली. मी आयुष्यभर रंगमंचावर तलवारीने मारला गेलो आहे, पण इथे मला कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. फिर्मिन ताडकन उठला. हात पुढे गेले. नोएलाने त्याच्याकडे पाहिलं. बोलायला दम नव्हता, नुसतं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती विनवत होती.

फिर्मिन पुन्हा पेटीवर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसला. डोळे मिटले नाहीत. ओठ मात्र हलत होते, "ये. ये. ये."

सायकल थांबल्यासारखी झाली. मग पुढचं चाक एका फटीतून दुसऱ्या दगडावर चढलं, आणि नोएलाचा वरचा पाय खाली गेला. पायडल फिरलं. एकदा, मग पुन्हा. ती फिर्मिनच्या समोरून इतकी हळू गेली की त्याला तिच्या नाकाच्या टोकावरचा घाम दिसला असेल. वळण मागे पडलं. चौकातून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा कुठे फिर्मिनने हात बाहेर काढले. ते पांढरे पडले होते. त्याने ते चोळले आणि वरच्या दिशेने चालू लागला, मी त्याच्या मागे.

वर विचित्र प्रकार चालला होता. नोएला थांबत नव्हती. चौकात चर्चसमोरच्या पुतळ्याभोवती गोल गोल फिरत होती, अगदी सावकाश, आणि लोकांना वाटत होतं की आनंदाने फिरतेय. टाळ्या संपत नव्हत्या. फिर्मिन वर पोचला, त्याने एक फेरी पाहिली आणि ताबडतोब ओळखलं. पाय संपले होते. खुबा आखडला होता. तिला उतरता येत नव्हतं.

तो तिच्या बाजूला जाऊन चालू लागला, हात खिशात.

"काय गं," तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत फिरणार का?"

"धर," ती म्हणाली.

"धरू?"

"केटेलबर्ग संपला ना. आता धर म्हणते."

त्याने एक हात सीटला लावला, दुसरा तिच्या पाठीला, आणि तिला मारियेटच्या दारापर्यंत ढकलत नेलं, लहान मुलीला नेतात तसं. दाराशी त्याने सायकल तिरकी केली आणि तिला कमरेत धरून उचलून उतरवलं. ती क्षणभर त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. मग त्याच्या मानेवरची केसांची शेपटी तिने दोन बोटांत धरली, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिली.

"उद्या ये," ती म्हणाली. "सकाळी, दुकान उघडायच्या आधी. हे लोकांसमोर कापण्यासारखं राहिलेलं नाही."

दुपारी शर्यत आली आणि गेली, आणि आम्ही सगळे आत धावलो. नोएला पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीत बसली होती, दुखरा पाय लांब करून. फिर्मिन रीतीप्रमाणे तिच्या मागे उभा होता, कारण तो काही चढला नव्हता. टीव्हीवर शेवटचा चढ सुरू झाला तेव्हा पुढच्या स्वाराचा खांदा डगमगू लागला. नोएलाने मान न वळवता हात मागे केला आणि फिर्मिनने त्यात आपली बियर दिली. ती एक घोट प्यायली.

"थंड आहे की," ती म्हणाली, आणि ग्लास परत दिला नाही.