मी कुठे आहे, हे त्याला कोण सांगत होतं

मी बायकांचे गाऊन विकते. धुळ्यात छोटं दुकान आहे, पण खरा धंदा ओट्यांवर चालतो. प्रत्येक गावात ओळखीची एक बाई असते. ती घरापुढचा ओटा मला दिवसभर वापरू देते, गल्लीतल्या बायका जमवते आणि संध्याकाळी स्वतःच्या पसंतीचा एक गाऊन ठेवून घेते. अमळनेर, पहूर, वरणगाव ही माझी ठरलेली गावं. जुनी व्हॅन मी स्वतःच्या कमाईतून घेतली, चालवायलाही स्वतःच शिकले. सुरतेच्या व्यापाऱ्याला घाम फोडल्याशिवाय मी आजवर एक गठ्ठा उचललेला नाही. माल हातात घेतला की त्यात काय खोट आहे ते मला कळतं. तरी स्वतःच्या गाडीतली खोट मला तीन वर्षं कळली नाही.

तेव्हा मी जळगावला नवऱ्याच्या घरी होते. दिवसातून दहा वेळा त्याचा फोन यायचा. पोहोचलीस का, जेवलीस का, एवढंच असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो विचारायचा, चहाच्या टपरीवर एवढा वेळ का थांबली होतीस? आज नेहमीचा रस्ता सोडून आतून का गेलीस? मला वाटायचं, गाव लहान आहे, कुणीतरी पाहून सांगत असेल. भांडण झालं की तो म्हणायचा, मला सगळं कळतं. हे तो ओरडून म्हणत नसे, हसत म्हणायचा. पुढे पुढे मी टपरीवर थांबणं सोडलं. तहान लागली तरी गाडी थांबवत नव्हते.

धाकट्या भावाला एकदा हे सांगितलं. तो जळगावातच राहतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, जीव लावस तो तुले. दुसरा कोन इतली काळजी करस?"

हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तेव्हा तो माझ्या बाजूने एक शब्द बोलला असता, तर मी दोन वर्षं आधी घर सोडलं असतं.

सोडलं ते एकटीनेच. धुळ्याला दोन खोल्या घेतल्या. निघताना त्याने दिलेली एकेक वस्तू मोजून परत केली. साड्या, मंगळसूत्र, मिक्सरसुद्धा. फक्त व्हॅनमधला गाण्यांचा टेप ठेवला. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने तो हौसेने बसवून दिला होता. गाडी माझी, टेप त्याचा. काढून द्यायला मेकॅनिक लागला असता, आणि आतून वाटलं, इतकी वर्षं सोसलं, एवढं तरी माझ्याकडे राहू दे. सौद्यात वरून मिळालेली वस्तू परत देण्याची मला सवय नाही. तीच नडली.

धुळ्याला आल्यावर फोन बदलला, नंबर बदलला. तरी तो दिसायचाच. पहूरला ओट्यावर गाऊन पसरून बसले, तर समोरच्या झाडाखाली मोटरसायकल लावून उभा. जवळ यायचा नाही, बोलायचा नाही. तास-दीड तास उभा राहायचा आणि निघून जायचा. नवा नंबरही त्याने कुठून तरी मिळवला. रात्री मेसेज यायचा, आज हिरवी साडी शोभत होती. मी पोलिसांत गेले. ठाण्यातल्या जमादाराने विचारलं, काय करतो तो? मी म्हटलं, उभा राहतो. तो म्हणाला, ताई, रस्ता सगळ्यांचा असतो. मी टेबलावर हात आपटून बाहेर आले. त्याने काही फरक पडला नाही. पण चीड एवढी होती की तेही करून झालं.

बायका ओट्यावर यायला बिचकू लागल्या. पहूरच्या बाईने हळूच विचारलं, तो माणूस परत येणार आहे का? मला कळलं, हा असाच उभा राहत गेला तर माझी गावं एकेक करून जातील आणि मी पुन्हा घरात बसेन. त्याला तेच हवं होतं.

संशय भावावर होता. कोणत्या दिवशी कुठल्या गावी जाणार, हे त्याला आणि आईला, दोघांनाच ठाऊक असायचं. मी त्याच्यावर सरळ आरोप केला. त्याने आईची शपथ घेतली. मी म्हटलं, तुझ्या शपथेला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही. तीन महिने बोलणं बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही. आईने सांजोऱ्या पाठवल्या, त्याही शेजारी वाटून टाकल्या.

मग मी धंद्यातली युक्ती वापरली. आपला भाव कोण फोडतं हे पाहायचं असेल तर प्रत्येक दलालाला वेगळा भाव सांगायचा. जो भाव बाजारात पोहोचेल, त्याचा दलाल चोर. मी आईला सांगितलं, बुधवारी पहूरला जातेय. भावाला तीन महिन्यांनी स्वतःहून फोन केला आणि गोड आवाजात सांगितलं, बुधवारी वरणगावला आहे, कारखान्याच्या वसाहतीतल्या नेहमीच्या ओट्यावर. फोन धुळ्याच्या खोलीत ठेवला आणि गेले अमळनेरला. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

अकरा वाजता नवरा अमळनेरला रसाच्या गाडीपाशी उभा होता. हातात ग्लास, नजर माझ्यावर.

खरं तर भीती वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं, इतकं की माप घ्यायची टेप हातातून पडली. आईने सांगितलं नव्हतं. भावानेही नाही. फोन जवळ नव्हता. मग माझ्यासोबत आलेलं उरलं काय, तर गाडी.

तिथूनच थेट धुळ्याला, ओळखीच्या मेकॅनिककडे. त्याने आधी चाकांखाली पाहिलं, सीट उचलल्या, शेवटी टेप बाहेर ओढला. मागे काळी डबी, बॅटरीला वायर जोडलेली, बारीक लाल दिवा चालू. तीन वर्षं मी त्या टेपवर गाणी लावून सोबत गुणगुणत होते. मी पाना उचलला. मेकॅनिकने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "अक्का, फोडू नका. गाडी कुठे आहे ते ही डबी कळवते, हिच्यात सिम असतं. ते कुणाच्या नावावर आहे, हे पोलिसांना काढू द्या." माझ्या रागाला वेळेवर अडवणारा तो पहिलाच माणूस.

घरी आले, फोन हातात घेतला. भावाचे नऊ मिस्ड कॉल. लावला, तर त्याने मला बोलूच दिलं नाही. "सकायपासून वरणगावले बशेल शे मी. कळणानी भाकर, ठेचा, बठ्ठं लई येल शे. तुना पत्ता नही." बहिणीने तीन महिन्यांनी फोन केला म्हणून कामाला सुट्टी टाकून तो ओटा मांडायला आला होता, आणि दिवसभर तिथल्या ओट्याच्या बाईच्या दारात भाकर-ठेच्याचा डबा घेऊन बसला होता. मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही. मी म्हटलं, भाकर फेकू नकोस, उद्या धुळ्याला घेऊन ये. तो आला. पोलीस ठाण्यातही सोबत आला.

या वेळी डबी होती, मेसेज होते, आणि ऐकून घेणारी एक महिला अधिकारी होती. तिने पंचनामा केला, गावं आणि दिवस लिहून घेतले. सिम नवऱ्याच्याच नावावर निघालं. चौथ्या दिवशी तो दोन वडीलधारी माणसं घेऊन आला. त्यातले नाना म्हणाले, पोरगं चुकलं, लिहून देतो, केस मागे घे. बरं, निदान सणावारी भेटू दे. मला हसू आलं. आयुष्यभर मी समोरच्याला भावात खाली आणत आले, ही माणसं मला खाली आणायला आली होती.

"नाना," मी म्हटलं, "यात कमीजास्त होणार नाही. तो मला दिसता कामा नये."

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. नानांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं. तो म्हणाला, "अक्का म्हनी तेच."

जे वाक्य मला काही वर्षं आधी हवं होतं, ते हे. उशिरा आलं, पण आलं.

कोर्टाचा आदेश मिळाला. माझ्या घराजवळ, दुकानाजवळ, ओट्यांजवळ फिरकायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही. केस चालू आहे. तारखा पडतात, मी जाते. तो अजून दिसलेला नाही. झाडाखाली मोटरसायकल दिसली की मी अजूनही नंबर वाचते. दुसऱ्याच कुणाची असते.

टेपच्या जागी गाडीत चौकोनी भोक आहे. तिथे मी माप घ्यायची टेप ठेवते. मागच्या आठवड्यात धुळ्याहून निघाले, वाटेत टपरीवर थांबले आणि दोन कप चहा घेतला. मग कुणी विचारलं नसताना भावाला फोन लावला आणि मी कुठे उभी आहे ते सांगितलं. वरणगावला निघालेय, म्हटलं, ओटा तोच.

तो म्हणाला, आधी पोहोच, मग भाकर बांधतो.