जगलेल्या माश्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नव्वदच्या आसपास आदिलाबादच्या कॉलेजात मी फळमाश्यांना जंतूंत बुडवलेली सुई टोचून मेलेल्या मोजत असे. जगलेल्या फेकून देई. मला वाटे, सुई नीट लागली नसेल. बाटल्या धुणारा माणूस प्रत्येक बाटली आधी उजेडाला धरून बघायचा. जगलेल्या माश्या त्यानं पिकल्या केळ्यावर पाळल्या.

"जगल्या त्यायले काऊन फेकून राह्यले सायेब? पुन्ना टोचून पाहा ना."

टोचल्या. बहुतेक पुन्हा तगल्या; म्हणजे सुई चुकली नव्हती.

माझा प्रबंध तपासायला आलेल्या हैदराबादच्या परीक्षकांनी विचारलं, "जगलेल्यांना पुन्हा टोचायची कल्पना कुणाची?" तो शेजारीच बाटली पुसत उभा होता.

"माझी," मी म्हणालो.

ते गेल्यावर तो म्हणाला, "तुमी म्हन्ता त तुमचीच असन."

त्या प्रबंधात त्याचं नाव घालायचं राहिलं; ते देणं मी अजून लागतो.